लाभाची फेरी

बेसा, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. प्रेमिलाताईस,
सप्रेम जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाइलवर टाइप करायला आवडत नाही, म्हणून आपल्या दोघांत अजून पत्र चालतं. चौतीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःची टाकतो. तेवढाच खात्याला आधार.

बातमी अशी की मी सहासष्टाव्या वर्षी पळायला लागलो आहे. सुशील मागे लागला आहे म्हणून. तो पुण्यात राहून मागे लागला आहे, त्यामुळे मला आतापर्यंत पुढे राहता आलं.

ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला तेव्हा मी तीन दिवस घरात एकटा पडून होतो, आणि तुला ते पाचव्या दिवशी कळलं. त्याचा राग तू अजून धरून आहेस, हे तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटच्या ओळीवरून दिसतं. सुशीलनंही धरला आहे. विजयादशमीला तो आणि पायल दीक्षाभूमीवर आले, दोन दिवस राहिले, आणि दोन्ही दिवस एकच विषय. "बाबा, घर बंद करा अन् पुण्याले चला. तुमी ऐकत काहून नाही?" मी म्हटलं, मी धडधाकट आहे. तो म्हणाला, दाखवा. समोर प्रेमानंदच्या चक्कीवर पोस्टर लागलेलं होतं: बेसा दौड, १८ जानेवारी, दहा किलोमीटर. मी म्हटलं, ही पळून दाखवतो. सूनबाई हसली. सुशील हसला नाही, तो पोस्टरचा फोटो काढून घेऊन गेला.

चार दिवसांनी त्याचा फोन. दहा किलोमीटर नव्वद मिनिटांत पूर्ण केले तर तो घराचा विषय पुन्हा काढणार नाही. एक मिनिट जास्त लागलं तरी फेब्रुवारीत मी पुण्याला जायचं. मी हो म्हणालो. नंतर कळलं की आयोजक दोन तास देतात. नव्वद हा आकडा त्यानं कुठून काढला, देव जाणे म्हणालो असतो, पण आपण तसं म्हणत नाही. ज्या मुलानं स्वतःच्या गाडीची वेळ कधी धड सांगितली नाही, तो अचानक मिनिटांत बोलायला लागला आहे.

आमचा चमू चौघांचा. शेजारच्या कामिनीताई धंतोलीच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, अजूनही समोरचा माणूस पेशंट आहे असं धरूनच बोलतात. ऑगस्टात माझं दार त्यांनीच उघडायला लावलं. प्रेमानंदची पिठाची चक्की आहे, तो पळतो तेव्हा अंगावरचं पीठ मागे उडत जातं. आणि रामाजी. ते एकाहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, पळत नाहीत. ते मोजतात. कळमन्याच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं मापारी म्हणून धान्य मोजलं. आमच्या फेऱ्या मोजायला याहून लायक माणूस मिळणार नाही.

पाण्याच्या टाकीपासून लेआउटला वळसा घालून परत टाकीपर्यंत एक किलोमीटर. हे मी स्वतः मोजलं. सायकलच्या चाकाला लाल दोरा बांधला आणि चाकाचे फेरे मोजत हळूहळू ढकलत नेली. चारशे पंचावन्न भरले, तिन्ही वेळा. टाकीखाली रामाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. मोबाइल आणि घड्याळं त्यांच्या पिशवीत जमा करायची, असा नियम आहे, कारण पहिल्याच आठवड्यात प्रेमानंद मोबाइल बघत पळाला आणि उभ्या ऑटोत शिरला. वेळ बघायची ती फक्त रामाजींच्या घड्याळात. आपण समोरून गेलो की ते आकडा सांगतात. पहिल्या फेरीला मात्र "लाभ" म्हणतात. धान्य मोजताना पहिल्या मापाला तसंच म्हणायची रीत आहे. मला ते आवडलं. सकाळी सकाळी कोणी आपल्याबद्दल शुभ बोलतं.

सध्या चार फेऱ्या होतात. चौथीला कामिनीताई म्हणतात, "नागसेनभाऊ, तुमी पळून राहिले का रस्ता झाडून राहिले?"

ताई, मला जायचं नाही. हे घर सरितानं आणि मी मिळून बांधलं, ती जाऊन चार वर्षं झाली तरी तिच्या हाताच्या खुणा जागोजाग आहेत. शिवाय इथे मी रस्त्यानं निघालो की लोक नावानं हाक मारतात. सुशीलच्या इमारतीत खाली पत्रपेट्यांची रांग आहे, एकशे बारा पेट्या. मी सगळ्यांत डोकावून पाहिलं. एकशे अकरा रिकाम्या होत्या आणि एकीत पाल होती. अशा ठिकाणी मी काय करू?

तुझा,
नागसेन

*

पवनी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. नागसेन,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून वळणदार आहे, विचारांचं सांगता येत नाही.

नव्वद मिनिटांत अन्याय काय आहे, ते मला समजलं नाही. माझ्या शाळेत चौथीच्या मुलांना गणिताच्या पेपरला तेवढाच वेळ असायचा. पेपर सोडवून ती उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. सुशील लहानपणापासून विचारी मुलगा आहे. त्यानं काही विचार करूनच सांगितलं असेल.

पुण्याची पाल तू दोन दिवसांत काढली असतीस. ते कारण मी धरत नाही.

पळण्याआधी पोटात काही घालतोस का? दोन चमचे सातूचं पीठ पाण्यात कालवून घेत जा. बूट नवे घे. पोस्टातल्या चपलांवर पळत असशील तर मला कळवू नकोस.

एक विचारायचं राहिलं. रामाजी पहिल्या फेरीला लाभ म्हणतात. त्याच्या पुढच्या फेरीला काय म्हणतात?

पाचव्या दिवशी कळलं होतं, हे मी विसरलेले नाही.

तुझी,
प्रेमिलाताई

*

बेसा
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

लाभानंतर एक म्हणतात. तुला काय वाटलं, सात? माणूस मोजायला लागला की एकापासूनच लागतो. तू एवढी वर्षं गणित शिकवून हे विचारतेस, म्हणजे निवृत्तीचा परिणाम सगळ्यांवरच होतो.

बूट घेतले. हिरवे आहेत. दुकानात दुसरा रंग माझ्या मापाचा नव्हता. पहिल्या दिवशी रामाजींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रात्री भाजीत पडले तर सापडाचे नाहीत गा." सातूचं पीठ घेतो. प्रेमानंदनंच दळून दिलं. त्यात थोडी मिरची आली आहे, कारण आधीचं दळण मिरचीचं होतं. त्या दिवशी माझा वेग चांगला होता.

आता सहा फेऱ्या होतात. सहावी झाल्यावर मी टाकीच्या खांबाला धरून उभा राहतो, कामिनीताई नाडी बघतात आणि काही न बोलता हात सोडून देतात. नर्स काही बोलली नाही की आपण काय समजायचं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मग चौघं मिळून तर्री-पोहे खातो. सहा फेऱ्यांत जे काही कमी होतं ते तिथे भरून निघतं, असा माझा अंदाज आहे.

पण एक सांगतो. सहा महिन्यांपूर्वी या तिघांशी माझं बोलणं "काय, बरं आहे ना" याच्यापुढे नव्हतं. आता कामिनीताईंना माझं वजन माहीत आहे.

नागसेन

*

पवनी
१ डिसेंबर २०२५

चि. नागसेन,
आशीर्वाद.

लाभाचं सहज विचारलं होतं. कळवलंस, बरं झालं.

इकडे थंडी पडली. मी दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसते. शेजारची मुलगी येऊन काहीबाही सांगते, तिचे ओठ बघून मी मान हलवते. परवा ती बहुधा काही विचारत होती आणि मी अर्धा तास मान हलवली. शेवटी ती माझी छत्री घेऊन गेली.

जवसाची चटणी पार्सलनं पाठवते आहे. पळून आल्यावर भाकरीबरोबर खा, पोह्यांबरोबर नको.

पुण्यात फ्लॅटच्या खाली चालायला चांगला रस्ता आहे, असं पायल लिहिते. तेवढं ध्यानात असू दे.

प्रेमिलाताई

*

बेसा
१५ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

चटणी मिळाली. प्रेमानंदनं अर्धी नेली.

काल रविवारी आम्ही पहिल्यांदा पूर्ण दहा फेऱ्या पळालो. कामिनीताई एक तास एकतीस मिनिटांत आल्या. प्रेमानंद एक तास अडतीसला. मी एक तास सेहेचाळीसला.

म्हणजे सोळा मिनिटं जास्त. शेवटच्या फेरीत माझ्या पुढून एक म्हैस गेली. मी तिला गाठायचा प्रयत्न केला, पण ती चालत होती आणि मी पळत होतो, त्यामुळे ते बरं दिसेना.

मी काहीच कमी केलं नाही, ताई. दोन महिने साडेपाचला टाकीखाली हजर आहे. पोस्टात साहेबानं असं वक्तशीर राहायला सांगितलं असतं तर मी बदली मागितली असती. तरी सोळा मिनिटं. महिनाभरात सोळा मिनिटं कशी जायची? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी पायांना विचारतो, पण ते झोपलेले असतात.

रामाजींना विचारलं, बेरजेत काही गफलत तर नाही ना, नऊचे दहा झाले नसतील ना. त्यांना थोडा राग आला. म्हणाले, "चाळीस साल कळमन्यात बसलो. माह्या मापात कोणाले दाणा कमी गेला नाही." त्यांची माफी मागितली. त्यांनी ती पोह्यांवर मान्य केली.

नागसेन

*

पवनी
२२ डिसेंबर २०२५

चि. नागसेन,
आशीर्वाद.

तू रामाजींवर संशय घ्यायला नको होता. असा माणूस कमी मोजणार नाही.

मला वाटतं, आता तू हे सोडावंस. सोळा मिनिटं फार होतात, आणि या वयात छातीवर ताण घेऊ नये. नव्वद मिनिटांत नाही झालं तर नाही झालं. मुलाकडे जाऊन राहण्यात हार कसली? तुझ्या खोलीला सकाळचं ऊन येतं, असं सुशीलनं कळवलं आहे. त्यानं पडदेही बघून ठेवले आहेत.

तुला एकदा सरळ लिहिते. ऑगस्टात तू तीन दिवस तापात पडला होतास, तेव्हा मी इथे रोज संध्याकाळी अंगणात बसून शेंगा खात होते. मला काहीच माहीत नव्हतं. तू गेला असतास तरी मी शेंगाच खात बसले असते. तेव्हापासून मी शेंगा आणलेल्या नाहीत. माझे कान गेले, त्याचं मला फारसं वाटत नाही, पण तुझ्याबद्दलची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळणार, याची मला भीती वाटते. तू सुशीलजवळ असलास तर मला ती वाटणार नाही.

म्हणून म्हणते, सोड.

प्रेमिलाताई

*

बेसा
१२ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. शेंगांचं मला माहीत नव्हतं. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण काय लिहावं ते सुचेना, आणि मला बहाणे लिहिता येत नाहीत.

सोडलं नाही. पण तुझं म्हणणं खरं होणार, असं दिसतं. काल शेवटच्या वेळी दहा फेऱ्या पळालो. एक तास सदतीस. नऊ मिनिटं कमी झाली, ती पायांनी कुठून आणली मला ठाऊक नाही, पण अजून सात हवीत आणि दौड येत्या रविवारी आहे. माळ्यावरून मोठी बॅग काढून ठेवली आहे. सरिताच्या साड्या पुण्यात कुठे ठेवायच्या, ते पायलला विचारायचं आहे, तू लिही.

इकडचे लोक मात्र आता फार अंगावर यायला लागले आहेत. मागच्या बुधवारी थंडी जरा जास्त होती. मी गजर बंद केला आणि पांघरुणात राहिलो. साडेपाचला टाकीखाली गेलो नाही, एवढंच. पाच पन्नासला दारावर धडाधडा. उघडून बघतो तर कामिनीताई बीपीचं मशीन घेऊन, प्रेमानंद हातात पहार घेऊन, आणि त्यांच्या मागे रामाजी मोबाइलांची पिशवी गळ्यात अडकवून, तुटक्या गुडघ्यांनी एवढं चालत आलेले. मी म्हटलं, झोपलो होतो. कामिनीताई म्हणाल्या, "झोपा ना, पण सांगून झोपत जा." प्रेमानंद म्हणाला, "काका, मी तं दरवाजा तोडूनच राहिलो होतो." त्यानं चौकटीवर एक घाव घातलाही होता, खूण राहिली आहे. मग तिघं आत आले, मलाच चहा करायला लावला आणि रामाजींनी दोन कप घेतले.

माणसाला स्वतःच्या घरात वीस मिनिटं जास्त झोपायची सोय राहिलेली नाही. पुण्यात निदान तेवढी तरी मिळेल.

नागसेन

*

बेसा
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

काल दौड झाली. सगळं क्रमानं सांगतो, कारण शेवटी तू विचारशील.

पहाटे मैदानावर दोन-अडीच हजार माणसं. पळण्याआधी स्टेजवर एका मुलीनं सगळ्यांना अर्धा तास नाचायला लावलं. मी नाचलो नाही, ताकद राखून ठेवली. प्रेमानंद नाचला आणि सुटतानाच दमला. रामाजींची खुर्ची आम्ही शेवटच्या रेषेजवळ ठेवली होती. त्यांना मोजायला काही नव्हतं, त्यामुळे ते जरा उदास होते.

रस्त्यावर प्रत्येक किलोमीटरला पाटी होती. दोनची पाटी मला फार लवकर दिसली. मी मनात म्हटलं, पाट्या लावणाऱ्याला घरी जायची घाई असेल. पाचचीही लवकर आली. आठच्या पाटीजवळ पाणी देणाऱ्या मुलाला विचारलं, ही खरंच आठची का. त्यानं पाटीकडे पाहिलं आणि हो म्हणाला. त्याच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता.

मी माझ्या नेहमीच्या वेगानं पळत होतो, जरासुद्धा जास्त नाही. आणि शेवटची रेषा आली तेव्हा मोठ्या घड्याळात एक तास अठ्ठावीस मिनिटं.

ताई, मी सहासष्ट वर्षांचा आहे. रविवारी सदतीसला येणारा माणूस पुढच्या रविवारी अठ्ठावीसला येत नाही. मी पळता पळताच हिशेब केला. माझ्या फेरीला पावणेदहा मिनिटं लागतात, नऊ मिनिटं कमी लागली, म्हणजे रस्ता एक किलोमीटरनं कमी भरतो. आयोजकांनी नऊच किलोमीटर मोजले. म्हणून मी थांबलो नाही. चौकातली पत्रपेटी मैदानापासून बरोबर अर्धा किलोमीटर आहे, हे माझ्या जुन्या बीटमधलं अंतर आहे. तिथे जाऊन परत आलं की दहा पुरे होणार होते.

मेडल वाटणारी अपेक्षा नावाची मुलगी माझ्यामागे पळत आली. "काका, संपलं. काहून पळून राहिले?" मी म्हटलं, माझा एक राहिला आहे. ती बिचारी मेडल हातात धरून पत्रपेटीपर्यंत आली आणि माझ्याबरोबर परतही आली. परत रेषेवर पोचलो तेव्हा एक तास सदतीस. तिथे मी थांबलो. तिनं मेडल गळ्यात घातलं आणि विचारलं, घरी कोणाला फोन करायचा आहे का.

कामिनीताई आणि प्रेमानंद केव्हाच पोचले होते. मी हिशेब सांगितला. कामिनीताई म्हणाल्या, "मेडल भेटलं ना, आता काहून मोजता?" मी रामाजींजवळ गेलो. विचारलं, रामाजी, आपल्या टाकीच्या दहा म्हणजे दहाच होत्या ना? त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दहाच. एकबी कमी नाही." या माणसाच्या शब्दापुढे मी छापलेल्या पाट्या मानू शकत नाही.

आयोजकांनी एक तास अठ्ठावीसचं प्रमाणपत्र दिलं आहे. ते सुशीलला दाखवलं असतं तर विषय मिटला असता. पण दुसऱ्याच्या नावाचं पत्र स्वतःच्या घरात ठेवल्यासारखं मला वाटलं, आणि ते मी चौतीस वर्षांत एकदाही केलं नाही. सुशीलला फोन करून सांगितलं, सदतीस लागले, मी येतो. त्यानं आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, बरं. आठ फेब्रुवारीचं तिकीट काढलं आहे.

काल संध्याकाळी घरभर फिरून आलो. मला फार वाईट वाटतं आहे, ताई. पण जे मोजून झालं ते झालं. तुझी काळजी मिटेल, हे एक चांगलं.

नागसेन

*

पवनी
२३ जानेवारी २०२६

चि. नागसेन,
आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. हिरवे बूट काढून वाच.

रस्ता कमी नव्हता. दौड दहा किलोमीटरचीच होती, आणि तू ती एक तास अठ्ठावीस मिनिटांत पूर्ण केलीस. त्यानंतर पत्रपेटीपर्यंत जाऊन आलास तो अकरावा किलोमीटर होता. टाकीखाली तुम्ही रोज एक फेरी जास्त पळत होता.

बाबांबरोबर मी लहानपणी धान्याच्या बाजारात जात असे. बहुतेक मापारी पहिल्या मापाला लाभ म्हणतात आणि दुसऱ्याला दोन. पण काही घरांत लाभाचं माप मोजणीत धरतच नाहीत. ते देणाऱ्यानं वरून द्यायचं असतं. ते बाजूला राहतं आणि एक त्याच्यानंतर सुरू होतं. तू नोव्हेंबरात लिहिलंस, लाभानंतर एक म्हणतात. तेव्हाच मला कळलं. रामाजींचे दहा म्हणजे लाभ आणि दहा. एकबी कमी नाही, हे त्यांनी खरंच सांगितलं. जास्त आहे का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. एक तास सदतीसचा तुझा हिशेब अकरानं भागून बघ. फेरीला पावणेनऊच्या थोडं वर येतं. दहाला एक तास अठ्ठावीस. पाट्या लावणाऱ्याला घाई नव्हती.

आता दुसरं. मला हे नोव्हेंबरापासून माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. डिसेंबरात तू सोळा मिनिटांनी खचलास, तेव्हा एका ओळीत तुझा अर्धा भार उतरवता आला असता. मी उलट सोड म्हणून लिहिलं. तू जिंकू नयेस, असं मला वाटत होतं.

तिसरं, म्हणजे हेही सांगूनच टाकते. नव्वद मिनिटांची अट सुशीलची नाही, माझी आहे. त्यानं पोस्टरचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, आत्या, काय करू. तू बीटवर तासाला किती चालायचास ते मला माहीत होतं. त्यात पळण्याची थोडी वाढ धरली, आणि तुला जमणार नाही असा आकडा काढून दिला. एवढी वर्षं मुलांना सुटतील अशी गणितं घातली. हे एक सुटू नये म्हणून घातलं होतं, आणि ते तू सोडवलंस.

परवा तुझं पत्र आलं तेव्हा मला फक्त गप्प राहायचं होतं. तू आपणहून बॅग भरत होतास. मी दोन दिवस गप्प राहिलेही. पण तुझी आधीची पत्रं काढून बसले, आणि बुधवारचं पत्र पुन्हा वाचलं. तू ते तक्रार म्हणून लिहिलं होतंस. साडेपाचला तू दिसला नाहीस आणि पाच पन्नासला तुझ्या दारात तिघं उभे होते, एकाच्या हातात पहार. मी पाच दिवसांना घाबरत होते रे. तिथे आता वीस मिनिटं लागतात. पुण्यात सुशील आणि पायल आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात. बारा तास होतात ते.

गणित माझंच चुकलं होतं. तू जाऊ नकोस.

सुशीलला सगळं कळवलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "आत्या, मग तिकीट कॅन्सल करू ना?" तो खूश आहे, असं मला वाटतं. तू हरल्याचं फोनवर सांगत होतास, ते त्याला ऐकवत नव्हतं.

दाराची चौकट दुरुस्त करू नकोस, राहू दे तशी. आणि माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, ते मला मान्य आहे.

प्रेमिलाताई

*

पोस्टकार्ड
बेसा, २८ जानेवारी २०२६

ती. ताईस,
जयभीम.

पत्र मिळालं. कार्डावर लिहितो आहे, कारण फार लिहायची इच्छा नाही. रामाजींना विचारलं. म्हणाले, "लाभ कोनी मोजते का गा?" कामिनीताई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत आणि प्रेमानंद स्वतःला अकरा किलोमीटरवाला म्हणवतो. बॅग माळ्यावर परत टाकली. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, सरिताच्या फोटोशेजारी.

तू जे केलंस त्याबद्दल मी तुझ्याशी दहा दिवस अबोला धरला आहे. आज पहिला दिवस, तो मोजलेला नाही. अबोला संपला की महिनाभर राहायला ये. येताना शेंगा आण.

नागसेन